कोकणातल्या ग्रुप टूरची ऑनलाइन जाहिरात: लाइक नको, सीट मोजा

फेसबुकवर पोस्ट बूस्ट करायला, म्हणजे पैसे देऊन ती जास्त लोकांना दाखवायला, पाच हजार घातले, लाइक भरपूर आले, गाडी मात्र अर्धी रिकामी गेली. दापोलीपासून वेंगुर्ल्यापर्यंत नव्याने टूर काढणाऱ्यांकडून ही तक्रार सारखी ऐकू येते. यात फेसबुकचा दोष थोडाच असतो. आपण लाइक मागितले, त्याने लाइक दिले. सीट भरायची असेल तर मागणी वेगळी करावी लागते, आणि त्याच्याही आधी घरात बसून थोडा हिशेब करावा लागतो.

हा लेख छोट्या टूरवाल्यांसाठी आहे. १७ सीटर टेम्पो ट्रॅव्हलर किंवा फार तर ३५ सीटर बस, पुण्या-मुंबईहून गिऱ्हाईक आणायचं आणि तारकर्ली, गणपतीपुळे नाहीतर हर्णे-आंजर्ले फिरवून परत सोडायचं, असा ज्यांचा धंदा आहे त्यांच्यासाठी. कुडाळ-मालवण भागातल्या अशा काही मंडळींच्या जाहिराती मी सांभाळतो. त्या अनुभवावरून पायऱ्या सांगतो.

पहिली पायरी: गाडीचा हिशेब

ग्रुप टूरची तारीख ठरलेली असते. गाडी निघाली की रिकामी सीट गेली, ती पुढच्या आठवड्यात विकता येत नाही. म्हणून जाहिरातीवर किती घालायचे हे ठरवण्याआधी कितव्या सीटला आपला खर्च निघतो ते माहीत हवं.

हिशेबापुरते आकडे घेऊ, तुमचे वेगळे असतील. पुणे-तारकर्ली, तीन रात्री. गाडी, डिझेल, टोल, ड्रायव्हरचा भत्ता आणि टूर मॅनेजर मिळून ४४,००० रुपये. गाडीत चार जण असोत की सोळा, हा खर्च होणारच. माणशी राहणं-जेवण, होड्या, पाणी, किरकोळ मिळून ५,५०० रुपये. विक्रीची किंमत ९,५०० रुपये, जीएसटी वेगळा. म्हणजे प्रत्येक सीटमागे ४,००० रुपये सुटतात आणि अकराव्या सीटला गाडीचा खर्च निघतो. मॅनेजरची जागा सोडून १६ सीट विकल्या गेल्या तर वर २०,००० राहतात.

आता जाहिरातीवर ६,००० खर्च केले. त्यावर १८ टक्के जीएसटी लागून ७,०८० झाले. टूर ऑपरेटर गिऱ्हाइकाला जीएसटीचा ५ टक्क्यांचा दर लावत असेल तर त्याला या १८ टक्क्यांचं क्रेडिट मिळत नाही, म्हणजे ते स्वतःच्या करातून वजा करता येत नाहीत, आणि जीएसटी नोंदणीच नसेल तर प्रश्नच नाही. तेव्हा हे १,०८० खर्चातच धरायचे. खर्च निघायला आता अकराऐवजी तेरा सीट लागतात. गाडी पूर्ण भरली तर २०,००० च्या जागी १२,९२० उरतात.

एवढं कागदावर आलं की पुढचे बरेच निर्णय आपोआप होतात. जुन्या ओळखीतून दहा-बारा सीट भरत असतील तर जाहिरात फक्त वरच्या चार-पाच सीटांसाठी करायची आहे, आणि एका सीटमागे ४,००० पेक्षा एक रुपयाही जास्त गेला तर त्यापेक्षा ती सीट रिकामी गेलेली परवडते. आणि किंमत इतकी खाली आणली असेल की सीटमागे हजार-दीड हजारच सुटतात, तर ऑनलाइन जाहिरात तुमच्यासाठी नाही. आधी भाव सुधारा.

दुसरी पायरी: जाहिरात बघून माणूस जिथे येईल ती जागा

जाहिरात पाहिल्यावर कुणी लगेच पैसे पाठवत नाही. आधी गुगलवर तुमचं नाव टाकतो. तिथे पत्ता नाही, रिव्ह्यू दोनच आणि तेही चुलतभावांचे, असं दिसलं की तो गप्प निघून जातो आणि तुम्हाला कधी कळतही नाही. गुगल बिझनेस प्रोफाइल फुकट आहे. ते भरा आणि परत आलेल्या प्रत्येक ग्रुपकडून गाडीतून उतरायच्या आधीच रिव्ह्यू मागा. घरी पोहोचल्यावर कुणी लिहीत नाही.

खोट्या हॉटेलांची पानं करून अ‍ॅडव्हान्स लाटणाऱ्यांनी सगळ्यांचंच नाव खराब केलं आहे. त्यामुळे गिऱ्हाईकाचा पहिला प्रश्न असतो, “ऑफिस कुठे आहे?” यूपीआयवर तुमच्या पुतण्याचं नाव दिसता कामा नये. जे नाव जाहिरातीत, तेच खात्यावर आणि तेच पावतीवर असू द्या. राहण्याची जागा शासनाच्या निवास-न्याहारी योजनेत नोंदलेली असेल तर तसं स्पष्ट लिहा.

तिसरी पायरी: कुणाला दाखवायची

मालवणची टूर म्हणून लोकेशन मालवण टाकणारे दर हंगामात भेटतात. मग जाहिरात बघतो कोण? शेजारचा लॉजवाला, समोरचा होडीवाला आणि तुमचे मित्र. लोकेशन गिऱ्हाईक जिथे राहतं तिथलं टाकायचं: कोथरूड-सिंहगड रोड, डोंबिवली, ठाणे, बोरिवली, कोल्हापूर, नाशिक. गुगल अ‍ॅड्समध्ये एक बारीक सेटिंग असतं: ‘त्या ठिकाणी असलेले’ लोक हवेत की ‘त्या ठिकाणात रस असलेले’ही हवेत. मुळात दोन्ही निवडलेलं येतं. पहिलंच ठेवा.

गाडी कुठून सुटते यावरही हे ठरवा. पुण्याहून सुटणाऱ्या गाडीची जाहिरात नागपूरला दाखवून चौकश्या येतील, सीट क्वचित येईल.

आता खरी मेख. ग्रुप टूरची जाहिरात दोन प्रकारच्या माणसांसाठी असते आणि नवखे दोघांना एकच जाहिरात दाखवतात. एक म्हणजे सुटी सीट घेणारं जोडपं किंवा चार मैत्रिणी. दुसरा म्हणजे गट जमवणारा माणूस: ज्येष्ठ नागरिक संघाचे सेक्रेटरी, भिशीच्या ताई, हास्यक्लबचे काका, शाळेच्या बॅचचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप चालवणारा. या दुसऱ्या माणसाला तारीख आपली आपण ठरवायची असते, वर एखादी सीट सवलतीत हवी असते, आणि एकदा पटलं की अख्खी गाडी एका फोनवर भरते. त्याच्यासाठी वेगळी जाहिरात करा: “तुमच्या १५ जणांच्या ग्रुपसाठी तारीख तुम्ही सांगा.” चौकश्या अगदी कमी येतात, महाग पडतात. तरी माझ्या मते छोट्या टूरवाल्याने निम्मे पैसे इथेच घालावेत. अशी एक ताई पुढची तीन वर्षं बिनजाहिरातीची गाडी देते.

जाहिरात पाहणारा आणि पैसे देणारा एकच नसतो, हेही ध्यानात असू द्या. पंचावन्न-साठीच्या बायका फेसबुकवर भरपूर असतात. इन्स्टाग्रामवर त्यांची मुलगी असते, जी आई-बाबांच्या लग्नाच्या वाढदिवसाला सीट बुक करते. तिच्यासाठी मजकुरात एक ओळ पुरते: “आई-बाबांना एकटं पाठवताय? आमचा माणूस पूर्ण वेळ सोबत असतो.”

चौथी पायरी: कधी सुरू करायची

रस्त्याने जाणारी टूर असेल तर निघायच्या सहा-सात आठवडे आधी सुरुवात करा. रेल्वेची असेल तर आणखी आधी. १ नोव्हेंबर २०२४ पासून आगाऊ आरक्षणाची मुदत १२० दिवसांवरून ६० दिवसांवर आली आहे, आणि ऑनलाइन एका तिकिटावर सहाच प्रवासी बसतात. मांडवी किंवा तुतारीची तिकिटं साठाव्या दिवशी सकाळी काढायची तर नावं, वयं आणि अ‍ॅडव्हान्स त्याआधी हातात हवेत. म्हणजे जाहिरात अडीच महिने आधी. तिकीट मिळाल्यावर टूर जाहीर करू म्हणणारा गिऱ्हाईक शोधतो तोपर्यंत वेटिंग लागलेलं असतं.

हंगामाचं गणित कोकणातल्या माणसाला सांगायला नको, पण जाहिरातीत ते विसरलं जातं. दिवाळीची सुट्टी, नाताळचा आठवडा, जोडून आलेल्या सुट्ट्या यांना सीट मुळातच जातात. त्यांच्यावर कमी खर्च करा. पैसा घालायचा तो जानेवारीच्या मधल्या आठवड्यांवर आणि फेब्रुवारीवर, जेव्हा हवा उत्तम असते आणि गाड्या रिकाम्या असतात. निवृत्त मंडळींना सोमवार ते गुरुवार चालतं, आणि लॉजवालाही मधल्या वारी भाव कमी करतो. चतुर्थीच्या दिवसांत टूर काढूच नका. गाड्या चाकरमान्यांनी भरलेल्या असतात आणि जेवण करणाऱ्या वहिनींच्या घरी गणपती असतो.

पावसाळ्यात सिंधुदुर्ग किल्ल्याच्या होड्या आणि पाण्यातले खेळ बंद असतात. आंबोली, मार्लेश्वर, धबधबे यांची टूर बेधडक विका, पण जुलैच्या जाहिरातीत स्कूबाचा फोटो लावू नका.

पाचवी पायरी: फोटो आणि मजकूर

देवबागच्या संगमावर ड्रोन उडवून काढलेला व्हिडिओ, खाली “येवा, कोकण आपलोच आसा”. अशी जाहिरात हजारो लोक बघतात, बायकोला पाठवतात आणि स्वतःची गाडी काढून येतात. त्या दृश्याने देवबागची जाहिरात झाली, तुमची नाही. कोकण बघायचंच आहे हे पुणेकराला आधीच पटलेलं असतं. तुमच्याबरोबर का यायचं, हे त्याला पटवायचं आहे.

ग्रुप टूरला जाणाऱ्याच्या मनातल्या शंका अगदी साध्या असतात. सोबतीला लोक कसे असतील? गाडीत पाय ठेवायला जागा आहे का? खोली आम्हा दोघांनाच की वाटून? कमोड आहे का? मासे न खाणाऱ्याचं काय? या प्रश्नांची उत्तरं देणारे फोटो ड्रोनपेक्षा जास्त सीट विकतात. मागच्या ग्रुपचा पंगतीत बसलेला फोटो (विचारून घेतलेला), गाडीचा आतून फोटो, खोलीचा आणि हो, बाथरूमचाही. टूर मॅनेजरने मोबाइलसमोर उभं राहून मिनिटभर बोललेला व्हिडिओ, मागे जेट्टीवरचा गोंगाट असला तरी चालेल.

मजकुरात चार गोष्टी हव्यातच: तारीख, कुठून सुटणार, पूर्ण किंमत, किमतीत काय धरलेलं नाही. “किंमत इनबॉक्समध्ये” लिहिलं की चौकश्या दुप्पट येतात आणि त्यातल्या बहुतेक किंमत ऐकून पळतात. त्यांना उत्तरं देण्यात तुमची संध्याकाळ जाते, आणि ज्या काकू खरंच येणार होत्या त्यांचा फोन उचलायचा राहतो.

आता कायद्याकडे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ चा. त्याखालच्या केंद्रीय प्राधिकरणाने दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींवर २०२२ मध्ये आणि ‘डार्क पॅटर्न’वर (गिऱ्हाइकाला ऑनलाइन फसवून पैसे काढायच्या युक्त्यांवर) २०२३ मध्ये मार्गदर्शक तत्त्वं काढली आहेत. दहा सीट रिकाम्या असताना “शेवटच्या दोनच जागा” लिहिणं किंवा ७,९९९ दाखवून पैसे भरताना होडी, गाइड आणि एसीचे वेगळे लावणं त्यात बसतं. वेळासला कासवांची पिल्लं “हमखास दिसणार” हेही लिहू नका. पिल्लं घरट्यातून केव्हा निघतील हे घरट्यावर आणि हवेवर ठरतं. डॉल्फिनचंही तेच. “दिसण्याची शक्यता असते, न दिसल्यास पैसे परत नाहीत” असं सरळ लिहिणाऱ्यावर लोक जास्त विश्वास ठेवतात, आणि टूरवर भांडणही होत नाही. इंटरनेटवरून उचललेला निळ्याशार पाण्यातल्या रंगीत माशांचा फोटोही नको. मालवणच्या पाण्यात किती खोलवर दिसेल हे रोज बदलतं.

सहावी पायरी: बटणं कुठली दाबायची

पोस्टखालचं बूस्टचं बटण सोपं आहे म्हणून मोह होतो. तो टाळा आणि अ‍ॅड्स मॅनेजरमध्ये, म्हणजे फेसबुकच्या जाहिराती लावायच्या पानावर, जा. तिथे उद्दिष्ट विचारतात. ‘एंगेजमेंट’ (लाइक, कमेंट, मेसेज वगैरे) घेऊन पुढे काहीच निवडलं नाही तर लाइक करण्याची सवय असलेले लोक मिळतात. व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज यावा अशी जाहिरात निवडा. फॉर्म भरून घेणारी जाहिरात नावं जास्त आणते, पण निम्म्यांना आपण फॉर्म भरल्याचं आठवतही नाही. ती वापरायचीच असेल तर “किती जण आणि कोणत्या महिन्यात” हा प्रश्न सक्तीचा करा.

गुगल सर्चवर लोक कमी, पण शोधत आलेले. “पुणे ते मालवण ग्रुप टूर” टाइप करणारा माणूस पिशवी भरायला बसलेला असतो. नकोशा शब्दांची यादी, म्हणजे जे शोधणाऱ्याला तुमची जाहिरात दिसू नये ते शब्द, मात्र पहिल्याच दिवशी घाला: होमस्टे, हनिमून, एसटी वेळापत्रक, नकाशा, नोकरी. आठवड्याने कोणत्या शोधांवर पैसे गेले तो अहवाल उघडा आणि यादी वाढवा. स्वतःच्या कंपनीच्या नावावर जाहिरात विकत घेऊ नका, तुमचं नाव टाकणारा तसाही तुमच्याकडेच येतो. ऑनलाइन खरेदी-विक्रीच्या ईबे या अमेरिकी कंपनीने स्वतःच्या नावावरच्या सर्च जाहिराती बंद करून पाहिल्या, तेव्हा जवळपास तेवढेच लोक खालच्या फुकटच्या दुव्यावरून आले. तो अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. एवढ्या मोठ्या कंपनीचे पैसे वाया जात होते, तर आपण जपूनच राहिलेलं बरं.

सातवी पायरी: मेसेज आला, आता?

बहुतेक जाहिराती इथे मरतात. “डिटेल्स पाठवा” असा मेसेज येतो, टूरवाला होडीवर असतो, संध्याकाळी आठ पानांची पीडीएफ पाठवतो. तोवर त्या माणसाने आणखी तिघांना विचारलेलं असतं. व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसमध्ये झटपट उत्तरं साठवता येतात. तीन ओळींचं एक तयार ठेवा: तारीख, किंमत, काय धरलंय. शेवटी एकच प्रश्न: “किती जण आहात आणि कुठून बसणार?” उत्तर आलं तर फोन करा. नाही आलं तर दुसऱ्या दिवशी एकदा विचारा आणि सोडून द्या.

फोन कसा चालतो बघा.

“आम्ही पाच मैत्रिणी आहोत, कोथरूडच्या. एकीला गुडघ्याचा त्रास आहे हो. किल्ल्यात किती चालायचं?”

“काकू, होडीत चढताना-उतरताना हात द्यायला माझा माणूस असतो. आत ऊन असतं, जमीन उंचसखल आहे. शिवराजेश्वराच्या मंदिरापर्यंत सावकाश जायचं, तटावर चढायची सक्ती नाही. ज्यांना नकोच असेल त्यांना जेट्टीजवळ बसवून चहा पाजतो.”

“बरं. आणि कमोड?”

“सगळ्या खोल्यांत आहे. आत्ता फोटो टाकतो.”

“मी सोमवारी मासे खात नाही.”

“सोमवारी तुम्हाला काळ्या वाटाण्याचं सांबार आणि वडे.”

पाच सीट गेल्या, आणि सवलतीचा विषयही निघाला नाही. यातलं एकही वाक्य जाहिरातीत नव्हतं. दिवसातून दोन तास शांतपणे फोनवर बसणारं घरात कुणी नसेल तर जाहिरात चालू करू नका, हे मी नव्या माणसाला पहिल्या भेटीतच सांगतो.

आठवी पायरी: जाहिरातीने खरंच आणलं का

वही घाला. रकाने: नाव, गाव, किती सीट, कोणत्या जाहिरातीवरून, अ‍ॅडव्हान्स कधी आला. व्हॉट्सअ‍ॅप जाहिरातीत गिऱ्हाईकाचा पहिला मेसेज आधीच लिहून ठेवता येतो. प्रत्येक जाहिरातीला वेगळा ठेवा, एकीला “तारकर्ली जानेवारी”, दुसरीला “मैत्रिणींची टूर”. मग कोण कुठून आलं ते विचारावं लागत नाही.

वही का, तर फेसबुकचा पडदा अर्धीच गोष्ट सांगतो म्हणून. वरचेच ७,०८० रुपये दोन जाहिरातींत निम्मे-निम्मे घातले असं धरा. पहिलीवर ६० चौकश्या, म्हणजे एक ५९ रुपयांना. दुसरीवर १५, एक २३६ रुपयांना. पडदा म्हणेल पहिली चार पट चांगली. वहीत दिसतं की पहिलीने एक सीट दिली, दुसरीने तीन. म्हणजे पहिलीची सीट ३,५४० ला पडली, दुसरीची १,१८० ला. पहिली बंद करायची. फेसबुक ते स्वतःहून करणार नाही. उलट स्वस्त चौकश्या देणाऱ्या जाहिरातीकडेच पैसा वळवत राहील.

दुसरा घोळ जुन्या गिऱ्हाइकांचा. दरवर्षी येणारे जोशीकाका जाहिरातीवर टिचकी मारून बुकिंग करतात आणि श्रेय जाहिरातीला जातं. ते येणारच होते. जुन्या नंबरांची यादी घालून त्यांना जाहिरातीतून वगळता येतं, ते करा. त्यांना व्हॉट्सअ‍ॅपच्या ब्रॉडकास्ट यादीवरून तारीख कळवा, फुकटात. तुमचा नंबर त्यांच्या फोनमध्ये सेव्ह असायला हवा, नाहीतर ब्रॉडकास्ट पोहोचत नाही.

आणखी खात्री हवी असेल तर दोन शहरांवर आळीपाळीने करून बघा. एका टूरला पुण्यात जाहिरात चालू, कोल्हापुरात बंद. पुढच्या टूरला उलट. जाहिरात बंद असलेल्या शहरातूनही नेहमीइतक्याच सीट येत असतील, तर तिथला खर्च फुकट जातो आहे. पण एका फेरीवरून निष्कर्ष काढू नका. १६ सीटांत दोन इकडेतिकडे होणं निव्वळ योगायोगही असतो. पूर्ण हंगामाची वही झाली की मग बोला.

नववी पायरी: थांबवायची कधी

जाहिरात सुरू केल्यावर पहिले तीन-चार दिवस हात लावू नका, आणि दर तासाला रक्कम खालीवर करू नका. यंत्रणेला लोक शोधायला तेवढा वेळ लागतो. निघायच्या दहा दिवस आधी खर्च निघण्याच्या आकड्यापासून चार-पाच सीट दूर असाल तर जाहिरातीत आणखी पैसे ओतू नका. शेजारच्या टूरवाल्याला फोन करून दोन्ही ग्रुप एका गाडीत घाला, किंवा लोकांना तारीख पुढे नेता का ते विचारा. अ‍ॅडव्हान्स परत मागणाऱ्याला त्याच दिवशी पैसे परत करा.

गाडी भरली की त्याच संध्याकाळी जाहिरात बंद करा. भरलेल्या गाडीवर चालू राहिलेली जाहिरात बऱ्याच खात्यांत दिसते. त्यानंतरही दोन-चार मेसेज येतच राहतात. त्यांना “फुल झालं” एवढंच न कळवता पुढची तारीख द्या आणि वहीच्या शेवटच्या पानावर नाव उतरवून ठेवा. पुढच्या गाडीचे पहिले फोन त्यांनाच करायचे, जाहिरात त्यानंतर चालू करायची.